ग्रॅमीत गाणं कुठल्या खणात पडतं, आणि निम्मा निकाल तिथेच कसा लागतो

४ फेब्रुवारी २०२४च्या दुपारी लॉस एंजेलिसमध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांना तीन ग्रॅमी मिळाल्या. आपल्याकडे बातमी आली ती ‘एकाच दिवशी तीन’ एवढीच. पण या पुरस्कारांवरून दरवर्षी होणारा वैताग समजून घ्यायचा असेल तर त्या तिन्हींवरची लेबलं वाचायला हवीत. ‘अ‍ॅज वी स्पीक’ हा बॅन्जोवादक बेला फ्लेक, डबल बास वाजवणारे एडगर मायर, झाकीरभाई आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांचा अल्बम. तो ‘समकालीन वाद्यसंगीत अल्बम’ या विभागात पहिला आला. त्याच अल्बममधली ‘पश्तो’ ही रचना मात्र ‘जागतिक संगीत सादरीकरण’ या विभागात जिंकली. माणसं तीच, वाद्यं तीच, रेकॉर्डिंगही तेच. तिसरी ग्रॅमी झाकीरभाईंच्या ‘शक्ती’ या फ्यूजन बँडच्या ‘धिस मोमेंट’ला, जागतिक संगीत अल्बम म्हणून.

अख्खा अल्बम एका खणात आणि त्यातला तुकडा दुसऱ्याच खणात, ही चूक नव्हती. ग्रॅमीत अल्बम आणि सुटी रचना यांची वर्गवारी स्वतंत्रपणे होते. समकालीन वाद्यसंगीतात अल्बमचा विभाग आहे, सुट्या रचनेचा नाही. मग ‘पश्तो’ जाणार कुठे? जिथे दार उघडं आहे तिथे.

‘पुरस्कार भलत्यालाच गेला’ अशी ओरड होते तेव्हा लोक मतदारांना नावं ठेवतात. मतदारांचाही दोष असतोच. पण रचना कोणाशी झुंजणार, तिला कोण मतं देणार आणि ती टीव्हीवर दिसणार की नाही, या तिन्ही गोष्टी मतदानाच्या आधी, खण ठरतानाच पक्क्या होतात.

प्रवेशिका आत कशी जाते

ग्रॅमी देते अमेरिकेतली रेकॉर्डिंग अकादमी. पहिला सोहळा १९५९मध्ये झाला तेव्हा २८ विभाग होते. २०२४मध्ये ते ९४ झाले होते. वर्ष कॅलेंडरप्रमाणे धरत नाहीत. फेब्रुवारी २०२५च्या सोहळ्यासाठी १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या काळात अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं संगीत धरलं होतं. एक दिवस इकडेतिकडे झाला की गाणं थेट पुढच्या वर्षीच्या रांगेत.

प्रवेशिका अकादमीचे सदस्य पाठवतात किंवा अकादमीकडे नोंदणी केलेल्या रेकॉर्ड कंपन्या. दरवर्षी अशा हजारो प्रवेशिका येतात. पाठवणाऱ्यानं विभाग सुचवायचा असतो, पण शेवटचा शब्द छाननी समित्यांचा. वेगवेगळ्या संगीतप्रकारांतले ३५०हून जास्त जाणकार इथे बसतात. गाणं चांगलं की वाईट हे त्यांनी बघायचं नसतं. प्रवेशिका नियमात बसते का आणि सुचवलेला विभाग बरोबर आहे का, एवढेच दोन प्रश्न. मग ऑक्टोबरात पहिली फेरी, नोव्हेंबरात नामांकनं, डिसेंबर-जानेवारीत अंतिम मतदान, आणि सोहळा बहुधा फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

छाननीत वाद पेटतो तो दुसऱ्या प्रश्नावर. संगीतप्रकाराच्या अल्बम-विभागात बसायचं तर अल्बमच्या एकूण वाजण्याच्या वेळेपैकी ५१ टक्के तरी त्या प्रकारचं संगीत लागतं. कागदावर हे सरळ दिसतं. पण एखाद्या गाण्यात कंट्री (अमेरिकी ग्रामीण वळणाचं संगीत) किती आणि पॉप किती हे घड्याळ लावून मोजणार कसं? २०२१मध्ये केसी मस्ग्रेव्हज या कंट्री गायिकेचा ‘स्टार-क्रॉस्ड’ हा अल्बम समितीनं कंट्रीतून काढून पॉपमध्ये टाकला. त्यातलंच ‘कॅमेरा रोल’ हे गाणं मात्र कंट्रीत राहिलं आणि तिथे त्याला नामांकनही मिळालं. तिच्या कंपनीनं अकादमीला निषेधाचं पत्र लिहिलं. २०२२मध्ये रॅपर निकी मिनाजचं ‘सुपर फ्रीकी गर्ल’ रॅपमधून पॉपमध्ये गेलं, तेव्हा तिनंही उघड त्रागा केला. पॉपची रांग लांब आणि नावं मोठी. तिकडे ढकललं जाणं ही बढती नाही, हे कलाकारांना चांगलंच ठाऊक असतं.

कातडी बघून लावलेलं लेबल

उलटी तक्रार जास्त जुनी आणि जास्त टोचणारी आहे. कृष्णवर्णीय कलाकारानं काहीही केलं तरी त्याला रॅप किंवा आर-अँड-बीच्या (रिदम अँड ब्लूज) खणात टाकतात, ही ती तक्रार. टायलर, द क्रिएटर या रॅपरच्या ‘इगॉर’ला २०२०मध्ये रॅप अल्बमची ग्रॅमी मिळाली. खरं तर त्या अल्बमवर रॅपपेक्षा गाणं आणि सिंथेसायझर यांचाच ताबा जास्त. जिंकल्यावर त्यानं पत्रकारांना सांगितलं, की आमच्यासारखे दिसणारे लोक प्रकारांच्या सीमा ओलांडायला गेले की त्यांना ‘रॅप’ किंवा ‘अर्बन’मध्येच टाकलं जातं. ‘अर्बन’ (अमेरिकी संगीतव्यवसायात कृष्णवर्णीयांच्या संगीताला लावलं जाणारं लेबल) हा शब्दच त्याला खटकत होता. काही महिन्यांनी अकादमीनं ‘अर्बन कंटेम्पररी अल्बम’ या विभागाचं नाव बदलून ‘प्रोग्रेसिव्ह आर-अँड-बी अल्बम’ केलं. पाटी बदलली, खोली तीच राहिली. त्याआधी २०१७मध्ये ड्रेक या रॅपरनंही, ‘हॉटलाइन ब्लिंग’ हे रॅप गाणं नसताना आपल्याला रॅपच्या ग्रॅमी कशा दिल्या, असं विचारलं होतं.

गंमत म्हणजे जस्टिन बीबरची तक्रार याच्या बरोबर उलटी होती. २०२०मध्ये त्याच्या ‘चेंजेस’ला पॉपमध्ये नामांकनं मिळाली, आणि आपला अल्बम आर-अँड-बी आहे असं त्याचं म्हणणं होतं.

खण फार मोठा ठेवला की काय होतं याचं जुनं उदाहरण १९८९चं. हार्ड रॉक आणि मेटल यांचा एकत्र विभाग त्या वर्षी पहिल्यांदा आला. सगळे मेटालिका या मेटल बँडचं नाव घेत होते आणि पुरस्कार गेला जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडला, ज्यांच्या संगीतात बासरीला मानाची जागा आहे. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मतदारांपैकी बहुतेकांना मेटलशी देणंघेणं नव्हतं, नाव मात्र ओळखीचं वाटलं. पुढच्याच वर्षी विभागाचे दोन तुकडे झाले आणि मेटलची ग्रॅमी मेटालिकाला मिळाली.

मत कोण देतं आणि मोजतात कसं

मतदान करणारे सदस्य २०२४मध्ये तेरा हजारांच्या आसपास होते. गाणारे, वाजवणारे, लिहिणारे, निर्माते, ध्वनिमुद्रक अशी ज्यांच्या नावावर प्रत्यक्ष काम आहे तीच माणसं. सर्वसाधारण गटातल्या सहा विभागांत (वर्षातलं रेकॉर्ड, अल्बम, गाणं, नवोदित कलाकार, निर्माता, गीतकार) सगळेच मत देऊ शकतात. त्याखेरीज एका सदस्याला जास्तीत जास्त दहा विभागांत मत देता येतं, आणि हे दहा विभाग तीनच गटांतले (गट म्हणजे जवळच्या विभागांचा संच) असावे लागतात. पूर्वी ही मर्यादा पंधराची होती. न कळणाऱ्या विभागात उगाच शिक्का मारू नये म्हणून ती कमी केली. तरी तुम्हाला त्या संगीतातलं कळतं का, याची परीक्षा कुणी घेत नाही. माहितीतल्याच विभागात मत द्या, असं आवाहन असतं, एवढंच.

आता ‘अ‍ॅज वी स्पीक’कडे परत या. समकालीन वाद्यसंगीत हा विभाग जॅझच्या गटात मोडतो. जागतिक संगीत हे लॅटिन, रेगे आणि न्यू एज (ध्यानधारणेच्या वळणाचं शांत संगीत) यांच्या गटात. म्हणजे एकाच अल्बमचे दोन भाग दोन वेगळ्या गटांत मतांना उभे होते. जॅझवाला मतदार बेला फ्लेकला कित्येक वर्षं ओळखतो. दुसऱ्या गटातल्या मतदाराला तबला ओळखीचा असेल, बॅन्जो कदाचित नसेल. दोन्हीकडे जिंकणं म्हणूनच मोठं. तेच काम चुकीच्या गटात पडलं असतं तर कोणी ऐकलंही नसतं.

मोजणीची पद्धत आपल्या लोकसभेसारखी आहे: ज्याला सर्वांत जास्त मतं, तो जिंकला. निम्म्याची अट नाही, पसंतीक्रम नाही. समजा एका विभागात हजार मतं पडली आणि पाच नामांकनं आहेत. मतं सारखी वाटली गेली तर २०१ मतांवर पुरस्कार मिळू शकतो, म्हणजे पाचातल्या चौघांना तो नको असला तरी. आठ नामांकनं असतील तर १२६ मतं पुरतात. अल्बम, रेकॉर्ड, गाणं आणि नवोदित या मोठ्या विभागांत नामांकनं २०१८पर्यंत पाच होती, मग आठ, २०२२मध्ये दहा, आणि २०२४पासून पुन्हा आठ. संधी वाढवण्यासाठी नामांकनं वाढवायची आणि मग मतफुटीनं भलताच निवडून यायचा, हा प्रकार आपल्या मतदारसंघांत नवा नाही. मतांचे आकडे अकादमी कधीच जाहीर करत नाही. त्यामुळे ‘अमक्यानं तमक्याची मतं खाल्ली’ हे दरवर्षी छातीठोकपणे सांगितलं जातं आणि सिद्ध कधीच होत नाही.

२०२१पर्यंत यात आणखी एक पडदा होता. अनेक विभागांत मतदारांच्या पहिल्या फेरीत पुढे असलेल्या नावांतून अंतिम नामांकनं एक गुप्त समिती निवडत असे. समितीत कोण, हे बाहेर कळत नसे. नोव्हेंबर २०२०मध्ये ‘द वीकंड’ या गायकाच्या ‘आफ्टर अवर्स’ या अल्बमला एकही नामांकन मिळालं नाही, आणि मार्च २०२१मध्ये त्यानं यापुढे आपलं संगीत ग्रॅमीला पाठवणारच नाही असं जाहीर केलं. एप्रिल २०२१मध्ये अकादमीनं या समित्या बहुतेक विभागांतून काढून टाकल्या. ध्वनिमिश्रणासारख्या तांत्रिक विभागांत त्या राहिल्या. तिथे त्या असाव्यातच; मिश्रणातले बारकावे पारखणं हे हजारो जणांच्या कौलाचं काम नाही.

‘इतर (असल्यास नमूद करा)’

सरकारी फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो: ‘इतर’. ग्रॅमीतलं जागतिक संगीत म्हणजे तोच रकाना. रविशंकर आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला १९६८मध्ये ग्रॅमी मिळाली, पण चेंबर म्युझिकमध्ये (मोजक्या वाद्यांचं पाश्चात्त्य अभिजात संगीत), कारण सतारीसाठी वेगळा खण नव्हताच. ‘वर्ल्ड म्युझिक’चा विभाग १९९२च्या सोहळ्यात आला. पुढे त्याचे पारंपरिक आणि समकालीन असे दोन भाग झाले. आशा भोसले यांना क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्य-चौकडीबरोबरच्या अल्बमसाठी २००६मध्ये नामांकन मिळालं ते यातल्या समकालीन विभागात. नंतर दोन्ही भाग पुन्हा एक झाले. २०२०मध्ये ‘वर्ल्ड’चं ‘ग्लोबल’ केलं, कारण जुन्या शब्दाला वसाहतवादाचा वास येतो असं अकादमीचंच म्हणणं होतं.

वास गेला, गर्दी गेली नाही. २०२३ची जागतिक अल्बमची पाच नामांकनं बघा: नायजेरियाचा बर्ना बॉय, अनुष्का शंकर आणि डच ऑर्केस्ट्रा, बेनिनच्या अँजेलिक किजो आणि लेबनीज-फ्रेंच ट्रम्पेटवादक इब्राहिम मालूफ, बर्कली इंडियन एन्सेम्बल, आणि जपानचे मासा ताकुमी. जिंकले ताकुमी. या पाचांची तुलना कुठल्या निकषावर करायची? ताल, भाषा, वाद्य, रचनापद्धती, काहीही समान नाही. समान एवढंच, की यातलं काहीही अमेरिकी बाजारातल्या ठरलेल्या कपाटांत मावत नाही. पुढच्या वर्षी ‘पश्तो’समोर तर बर्ना बॉय आणि दाविदो यांची गाणी होती आणि भरडधान्यांवरचं एक गाणंही, ज्यात पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या भाषणाचा अंश आहे. त्यामुळे ‘जागतिक’मधली ग्रॅमी म्हणजे ‘भारतीय संगीताचा सन्मान’ असं वाचू नये. भारतीय संगीत म्हणून तिथे कुणी तुलना केलेलीच नसते. ख्याल ऐकून चांगला की बरा, हे सांगू शकणारे त्या मतदारांत किती असतील?

गर्दी कमी करायला २०२४पासून ‘आफ्रिकी संगीत सादरीकरण’ हा वेगळा विभाग काढला. एका अख्ख्या खंडाला एक विभाग! पहिल्याच वर्षी पाचपैकी चार नामांकनं नायजेरियाची होती आणि पुरस्कार दक्षिण आफ्रिकेच्या टायलाला गेला.

आणि मग टीव्ही. नव्वदावर पुरस्कारांपैकी संध्याकाळच्या थेट प्रक्षेपणात साधारण दहाच दिले जातात. बाकी सगळे दुपारच्या वेगळ्या सोहळ्यात, ऑनलाइन. झाकीरभाईंच्या तिन्ही ग्रॅमी दुपारच्याच. डिसेंबर २०२४मध्ये ते गेले, आणि फेब्रुवारी २०२५च्या संध्याकाळी टीव्हीवर वर्षभरात गेलेल्या कलाकारांना श्रद्धांजली वाहिली तेव्हा त्यात त्यांचं नाव नव्हतं. अकादमीच्या ऑनलाइन यादीत होतं. दुपारचे ते दुपारचेच.

ग्रामोफोन नेमका कुणाच्या हातात

‘वर्षातलं रेकॉर्ड’ आणि ‘वर्षातलं गाणं’ यांत लोकांचा हमखास घोळ होतो. रेकॉर्डचा पुरस्कार गायक, निर्माता, ध्वनिमुद्रण, मिश्रण आणि मास्टरिंग (अंतिम ध्वनिसंस्कार) करणाऱ्यांचा; गाण्याचा पुरस्कार फक्त ते रचणाऱ्यांचा. गायिकेनं गाणं लिहिलेलं नसेल तर दुसऱ्यात तिला काही नाही.

हा तिढा आपल्याकडे उलट्या बाजूनं आला होता. ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर मिळालं, तेव्हा सोहळ्यात ‘रसिक बलमा’ गायला लता मंगेशकरांनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला, मग गायिकेनं का गायचं, हा त्यांचा सवाल होता. १९५९पासून फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायन आणि गीतलेखन असे दोन्ही विभाग आले. पार्श्वगायनाचा पहिला पुरस्कार लताबाईंनाच, ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी. स्त्री आणि पुरुष गायकांसाठी मात्र बरीच वर्षं एकच पुरस्कार होता.

ग्रॅमीच्या ‘वर्षातला अल्बम’मध्ये हिशेब मिनिटांत होतो. २०१८च्या सोहळ्यापासून अल्बमच्या किमान ३३ टक्के वेळेत काम असलेल्यांनाच ग्रामोफोन (ग्रॅमीचं मानचिन्ह) अशी अट होती. २०२२मध्ये अट काढली आणि एका गाण्यावर हात लावलेलाही धनी झाला. २०२४पासून २० टक्के. चाळीस मिनिटांचा अल्बम असेल तर आठ मिनिटं, म्हणजे साधारण दोन गाणी. एकाच गाण्यात आलेल्या पाहुण्याला ग्रामोफोन नाही. अशा सहभागींना प्रमाणपत्र घेता येतं, आणि ‘ग्रॅमी विजेते’ या बिरुदातला घोटाळा बहुतेक वेळा इथेच असतो. प्रमाणपत्र खरं असतं, बातमीतलं विशेषण फुगलेलं असतं.

नवोदिताच्या विभागात तर ‘नवोदित’ म्हणजे काय हेच कधी नीट ठरलं नाही. २००१मध्ये शेल्बी लिन जिंकली ती सहाव्या अल्बमवर. उलट व्हिटनी ह्यूस्टनला पहिल्या अल्बमनंतर अपात्र ठरवलं, कारण आधी दोन युगुलगीतांत तिचं नाव आलेलं होतं.

विभाग जोडले, तोडले

२०११मध्ये अकादमीनं १०९ विभागांचे एकदम ७८ केले. स्त्री-पुरुष गायनाचे वेगळे विभाग गेले. हवाईयन, नेटिव्ह अमेरिकन, केजन-झायडेको असे छोटे प्रकार ‘प्रादेशिक मूळ संगीत’ नावाच्या एका पिशवीत भरले. लॅटिन जॅझही काढलं. त्या वादकांनी निदर्शनं केली, कोर्टात गेले, आणि वर्षभरात विभाग परत आला. छोट्या विभागांवर टांगती तलवार आहे ती आकड्यांची: चाळीस प्रवेशिका आल्या तर पाच नामांकनं, २५ ते ३९ असतील तर तीनच, २५पेक्षा कमी असतील तर त्या वर्षी विभाग बंद, सलग तीन वर्षं तसं झालं तर कायमचा.

ताजी फूट कंट्रीतली. २०१६मध्ये बियॉन्सेचं ‘डॅडी लेसन्स’ कंट्रीच्या समितीनं नाकारल्याची बातमी आली होती. २०२५मध्ये तिच्याच ‘काउबॉय कार्टर’नं कंट्री अल्बमची ग्रॅमी जिंकली. चार महिन्यांनी अकादमीनं विभागाचे ‘समकालीन’ आणि ‘पारंपरिक’ असे दोन तुकडे जाहीर केले. प्रस्ताव आधीपासून होता, असं अकादमी म्हणते. असेलही. पण मुहूर्त बघून लोकांना शंका आली, तर त्यांना दोष कसा देणार?

इथून पाठवायचं असेल तर

भाषेची अट नाही. मराठी, कोंकणी, काहीही चालतं. अट अमेरिकेत सर्वत्र उपलब्ध असण्याची आहे. सशुल्क स्ट्रीमिंगवर, ठरलेल्या काळात. २०१७च्या सोहळ्यापासून केवळ स्ट्रीमिंगवर आलेलं संगीतही चालतं, सीडी लागत नाही. फक्त यूट्यूबवर टाकून भागत नाही. अल्बममधला ७५ टक्क्यांहून जास्त वेळ नव्या, आधी प्रसिद्ध न झालेल्या मुद्रणांचा हवा. जुन्या मैफलींचं संकलन इथेच अडकतं. श्रेयनामावली सुरुवातीलाच काटेकोर भरावी: मुख्य कलाकार कोण, साथीला कोण, कोणी कुठल्या रचनेत किती मिनिटं वाजवलं. साथीदाराचं नाव मुख्य कलाकारांत घालायचं असेल तर ते प्रसिद्धीच्या वेळीच घालावं. नामांकनानंतर आठवून उपयोग होत नाही.

विभाग निवडताना ‘आपलं संगीत भारतीय, म्हणून जागतिक’ असं आपोआप लिहू नये. रिकी केज यांचा ‘डिव्हाइन टाइड्स’ २०२२मध्ये न्यू एजमध्ये जिंकला आणि त्याचंच बहुदिश ध्वनीचं नवं मिश्रण २०२३मध्ये इमर्सिव्ह ऑडिओत. चंद्रिका टंडन यांच्या ‘त्रिवेणी’नं २०२५मध्ये न्यू एज, अँबियंट किंवा चँट या विभागात ग्रॅमी घेतली. फ्यूजन असेल तर समकालीन वाद्यसंगीत किंवा जॅझचा विचार करावा, मिश्रण असामान्य असेल तर तांत्रिक विभागांचा. सुटी रचना आणि अल्बम वेगवेगळ्या दारांतून पाठवता येतात, हे तर ‘पश्तो’नं दाखवलंच आहे.

आणि प्रवेशिका स्वीकारली गेल्याची मेल आली म्हणून ‘ग्रॅमीच्या शर्यतीत मराठी अल्बम’ अशी बातमी देऊ नये. त्या टप्प्याला हजारो गाणी तिथेच उभी असतात. नामांकनांची यादी नोव्हेंबरात येते, आणि तिच्यात नाव असेल तर कुठल्या विभागाखाली आहे ते आधी वाचावं.